अभ्यासिकेच्या काचेच्या दाराचं ईएम लॉक: लाईट गेली की उघडं, भर उन्हात ओढलं की सुटतं

अभ्यासिका_औसारोड
राम राम मंडळी. लातूरला औसा रोडवर दुसऱ्या मजल्यावर अभ्यासिका आहे. ११० खुर्च्या, चोवीस तास चालू, बहुतेक पोरं-पोरी नीटची तयारी करणारी. जिना एकच. दार १२ मिलिमीटर टफन्ड काचेचं, फ्लोअर स्प्रिंगवर, जिन्याकडे म्हणजे बाहेर उघडणारं. वर अॅल्युमिनियमचं सेक्शन आहे.

बसवलेलं सामान असं: बाहेर भिंतीवर बोट आणि कार्ड दोन्ही घेणारं मशीन, आतून ६०० पौंडाचं ईएम लॉक (करंटवर धरणारं चुंबकी कुलूप), आतल्या भिंतीवर एक्झिट स्विच. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा साधा अडॅप्टर ऑफिसात आहे, तिथून दारापर्यंत साधारण ३० मीटर कॅट-६ केबल फॉल्स सीलिंगवरून आणलीय. लॉकची वायर तिच्यातल्याच एका जोडीवर आहे.

अडचणी:
लाईट गेली की दार उघडं पडतं, रात्री कुणीही आत येऊ शकतं.
एप्रिलपासून दुपारी हँडल धरून जोरात हिसका दिला की दार सुटायलंय. सकाळी तेच दार घट्ट असतं.
कधी कधी कार्ड लावून टिक आवाज येतो, पण दार क्षणभर चिकटून राहतं.
कार्डांची डुप्लिकेट निघायलीत. एका फीमध्ये दोघं-तिघं येतात.

बसवणाऱ्यांनी सुचवलंय की ईएम काढून ड्रॉप बोल्ट (भोकात जाणाऱ्या खिट्टीचं लॉक) टाका, तो लाईट गेली तरी लागून राहणारा मिळतो आणि हिसक्याने सुटत नाही. हे बरोबर आहे का? नवा खर्च करायच्या आधी जाणकारांनी सांगावं.


बारा_व्होल्ट_जालना
ड्रॉप बोल्टला लगेच हो म्हणू नका. तुमचं लॉक खराब नाही, त्याला पोटभर करंट मिळत नाही.

आधी साखळी बघा. कार्ड किंवा बोट वाचणारा रीडर, नंबर यादीत आहे का हे ठरवणारा कंट्रोलर, त्याच्या हुकुमाने चालणारा रिले, आणि रिलेतून लॉककडे जाणारी वायर. तुमच्या मशीनमध्ये पहिले तिन्ही एकाच डबीत आहेत. रिलेला तीन टोकं असतात: कॉम (समाईक), एनओ (एरवी तुटलेलं) आणि एनसी (एरवी जोडलेलं). ईएम लॉक म्हणजे लोहचुंबक, करंट असेपर्यंतच धरतं. म्हणून त्याचा प्लस कॉम-एनसीमधून जातो: एरवी सर्किट पूर्ण, कार्ड मान्य झालं की रिले ते ३ ते ५ सेकंद तोडतो. लाईट गेल्यावर उघडणं हा त्याचा दोष नाही, त्याची रचनाच तशी आहे. लाईट नसताना धरायचं असेल तर बॅटरी द्यायची, लॉक बदलायचं नाही.

आता दुपारचं गणित. ६०० पौंड म्हणजे सुमारे २७० किलो, पण हा आकडा पूर्ण १२ व्होल्ट आणि दारावरची लोखंडी पट्टी लॉकला सपाट टेकलेली असतानाचा. असं लॉक १२ व्होल्टवर साधारण अर्धा अँपिअर घेतं, म्हणजे कॉइल २४ ओहमची. कॅट-६ ची एक तार मीटरला साधारण ०.०८४ ओहम. जायला ३० आणि यायला ३० मीटर, म्हणजे ५ ओहम वायरीतच गेले. लॉकला १२ ऐवजी १० व्होल्टच्या आत-बाहेर मिळतात आणि करंट ०.५ वरून ०.४१ वर येतो. चुंबकाची पकड करंटच्या वर्गाच्या हिशेबाने बदलते, त्यामुळे करंट १८ टक्के घटला की पकड एक-तृतीयांश जाते.

त्यात उन्हाची भर. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास वाढतो. कॉइल २५ अंशांवरून ६० वर गेली (एप्रिलच्या दुपारी, सतत करंट वाहताना हे सहज होतं) तर तिचा रोध साधारण १४ टक्के वाढतो आणि करंट आणखी पडतो. सकाळी घट्ट आणि दुपारी ढिलं, ते यामुळे.

मल्टिमीटर घ्या. दार बंद ठेवून थेट लॉकच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. अडॅप्टरजवळ मोजून उपयोग नाही, तिथे १२ च दिसणार. ११.५ च्या खाली असेल तर वायर बदला: लॉकसाठी स्वतंत्र १ चौरस मिलिमीटरची दोन तारांची कॉपर केबल. तिचा एकूण रोध सव्वा ओहमच्या आत राहतो, घट अर्ध्या व्होल्टवर येते. दीड चौरस मिलिमीटर टाकली तर आणखी बरं. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची कॅट-६ स्वस्तात मिळते, ती लॉकला अजिबात वापरू नका.

दुसरी तपासणी पट्टीची. काचेवर यू ब्रॅकेटने जी लोखंडी पट्टी लावलीय ती मधल्या बोल्टवर थोडी हलली पाहिजे. बोल्टच्या मागे रबर वॉशर असतो आणि बाजूला दोन गाइड पिना. पट्टीने स्वतःच लॉकच्या तोंडावर सपाट बसावं यासाठी ती व्यवस्था आहे. बरेच जण पट्टी हलते म्हणून बोल्ट आवळून टाकतात आणि इथेच पकड मरते. एका कडेला कागदाएवढी फट राहिली तरी धरण्याची ताकद निम्म्याहून खाली येऊ शकते. बोटाने दाबल्यावर पट्टी जरा डुलेल इतका बोल्ट सैल हवा, वर थ्रेड लॉकचा (बोल्ट आपोआप फिरू न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब.


फायर_तपासणी_संभाजीनगर
वरचं सगळं बरोबर. मी फक्त एका गोष्टीवर लिहितो आणि ती तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधीची आहे.

दुसरा मजला, एक जिना, ११० मुलं. अशा दाराला लाईट गेल्यावर लागून राहणारं लॉक लावायचंच नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये स्पष्ट आहे: बाहेर पडण्याचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. कार्ड, बोट, पासवर्ड या सगळ्या किल्ल्याच.

लाईट गेल्यावर उघडणारा ड्रॉप बोल्टही मिळतो, तो का नको तेही सांगतो. ड्रॉप बोल्टमध्ये पोलादी खिट्टी खालच्या किंवा वरच्या भोकात जाते. धूर झाला आणि पन्नास मुलं दारावर रेटली, तर तो सगळा रेटा खिट्टीवर आडवा येतो. करंट तुटला तरी खिट्टी भोकात आवळून बसते, स्प्रिंग तिला बाहेर ओढू शकत नाही. लोक मागे सरले तरच दार उघडतं, आणि घाबरलेली गर्दी मागे सरत नाही. ईएम लॉकला असा हलता भागच नाही, करंट तुटला की रेटा असतानाही सुटतं. गर्दीच्या बाहेर पडण्याच्या दाराला ईएमच ठेवा. शिवाय फ्लोअर स्प्रिंग दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी ड्रॉप बोल्ट भोकाला सापडत नाही आणि कॉइल तापत राहते, ती रोजची कटकट वेगळीच.

आता वायरिंगमधली नेहमीची चूक. एक्झिट स्विच बहुतेक ठिकाणी मशीनला जोडलेला असतो: तुम्ही दाबता, मशीन विचार करतं, मग रिले सोडतं. मशीन हँग झालं तर स्विच मेलेला. म्हणून हिरव्या रंगाचा ब्रेक ग्लास (आणीबाणीत दाबायची डबी) वेगळा लावा आणि लॉकचा प्लस थेट त्याच्या एनसी संपर्कातून न्या, मशीनला न विचारता. दोन पोलचा घेतला तर प्लस-मायनस दोन्ही तुटतात, ते जास्त चांगलं. फायर पॅनेल (आगीचा इशारा देणारी यंत्रणा) असेल तर त्याचा रिलेही याच साखळीत. क्रम असा: बॅटरीवाली सप्लाय, फायर पॅनेलचा रिले, ब्रेक ग्लास, कंट्रोलरचा रिले, लॉक.

हे सगळं डीसी बाजूला तोडायचं. अडॅप्टरचा २३० व्होल्टचा स्विच बंद करून दार सोडवायची पद्धत काही ठिकाणी दिसते. तसं केलं तर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये उरलेला करंट लॉकला थोडा वेळ धरून ठेवतो, आणि मागे बॅटरी जोडल्यावर तर दार सुटणारच नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे आग विझवण्याची साधनं चालू आहेत याचं फॉर्म बी प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. त्या दिवशी हे दारही तपासून घ्या. मशीनचा प्लग काढा, मग ब्रेक ग्लास दाबा. दार सुटलं तरच वायरिंग बरोबर.

आणि एकच जिना हा प्रश्न लॉकने सुटणारा नाही. ११० जणांना बाहेर पडायला दुसरी वाट लागते. मालकाशी त्यावर आधी बोला.


अभ्यासिका_औसारोड
दोघांचेही आभार. लॉकच्या टर्मिनलवर दार बंद असताना ९.८ व्होल्ट दाखवतंय. पट्टी पूर्ण आवळलेली होती, अजिबात हलत नव्हती. वायर बदलायला सांगितलीय. ड्रॉप बोल्ट रद्द. ब्रेक ग्लास मागवलाय.

राहिले तीन प्रश्न. दार क्षणभर चिकटतं ते का? बॅटरी किती घ्यावी? आणि कार्डांच्या डुप्लिकेटचं काय करावं? कार्ड जाड, पांढरं आहे, त्यावर आधी दहा आकडी नंबर आणि पुढे स्वल्पविरामाने तोडलेला दुसरा नंबर छापलेला आहे.


बारा_व्होल्ट_जालना
चिकटण्याची कारणं तीन, शोधायची याच क्रमाने.

एक, लॉकच्या तोंडावर किंवा पट्टीवर गंज, चिकट थर, सेलोटेपचे तुकडे. कोरड्या कापडाने पुसा, वर तेल-ग्रीस लावू नका. पट्टी चिकटते म्हणून काही जण मुद्दाम टेप लावतात. त्याने चिकटणं थांबतं, पण फट पडून पकडही जाते.

दोन, पट्टीवर करंट तुटल्यावर तिला ढकलणारी छोटी स्प्रिंगची पिन असते, काही मॉडेलमध्ये रबरचं बटन. ती दबून बसली किंवा गळून पडली की उरलेलं चुंबकत्व पट्टीला धरून ठेवतं. पट्टी आवळलेली होती म्हणता, म्हणजे पिनही दबलेली असण्याची शक्यता मोठी. बोल्ट सैल केल्यावर बहुधा निम्मा त्रास जाईल.

तीन, डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग). कॉइलचा करंट तुटताना उलटा झटका येतो, तो रिलेचे संपर्क जाळतो आणि मशीन रीसेट करतो. म्हणून लॉकच्या दोन टोकांवर १एन४००७ डायोड टाकतात, पट्टा असलेलं टोक प्लसला. उलटा टाकला तर सरळ शॉर्ट. पण डायोडमुळे करंट सावकाश ओसरतो, दार सुटायला किंचित उशीर लागतो. बऱ्याच लॉकमध्ये झटका शोषणारा भाग आतच असतो. तुमच्या लॉकच्या कागदावर तसं लिहिलं असेल तर बाहेरचा डायोड काढून टाका.

बॅटरी. लॉक ०.५, मशीन आणि रीडर मिळून ०.२५, एकूण पाऊण अँपिअर. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची एसएमएफ (पाणी घालावं न लागणारी) बॅटरी भागाकाराने नऊ तास दाखवते, पण तो ७ चा आकडा हळू उपसा करतानाचा आहे. नवी असताना सात-आठ, वर्षभराने पाच-सहा तास धरून चला. महावितरणचा फॉल्ट रात्रभर चालतो अशी तुमच्या भागाची तऱ्हा असेल तर १८ अँपिअर-तासाची घ्या.

बॅटरी सध्याच्या अडॅप्टरला समांतर जोडू नका. त्याचा १२.० व्होल्ट बॅटरीला कधीच पूर्ण भरत नाही, तिला १३.६ ते १३.८ लागतात आणि चार्जिंग करंटवर लगाम लागतो. अॅक्सेस कंट्रोलसाठी बॅटरी चार्जिंगसह येणारी सप्लाय मिळते, तीच घ्या. बॅटरी १०.५ व्होल्टवर आली की लोड तोडणारी असावी, नाहीतर दोन-तीनदा पूर्ण उपसून ती कायमची बसते.

सप्लायचा डबा फॉल्स सीलिंगवर ठेवू नका. पत्र्याखाली मे महिन्यात तिथे भट्टी असते. एसएमएफचं आयुष्य २५ अंशांवर मोजतात, त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. ऑफिसात, भिंतीवर, वारा लागेल असा ठेवा. डब्यावर बॅटरीची तारीख लिहा आणि दोन वर्षांनी बदला, बंद पडायची वाट बघू नका.


कार्ड_रीडर_नांदेड
कार्डाचं मी सांगतो.

तुम्ही वर्णन केलेलं कार्ड १२५ किलोहर्ट्झचं आहे. त्यात फक्त एक ठरलेला नंबर असतो, कोणतंही कुलूप नाही. रीडरजवळ नेलं की ते नंबर ओरडून सांगतं, कुणालाही. छापलेले दोन आकडे एकच नंबर दोन तऱ्हेने दाखवतात. उदाहरणार्थ ००१२३४५६७८ आणि पुढे १८८,२४९१०: १८८ ला ६५,५३६ ने गुणून २४,९१० मिळवले की १,२३,४५,६७८ येतात. हाच नंबर वायरीवरून जातो, म्हणून कार्डाचा नुसता फोटोही धोक्याचा. अशा कार्डाची प्रत निघू नये यासाठी सेटिंग नाही. कार्डच बदलावं लागतं.

नवीन घेताना ‘१३.५६ मेगाहर्ट्झ’ एवढं ऐकून समाधान मानू नका. त्यातल्या मायफेअर क्लासिक या जुन्या कार्डाचं कुलूप २००८ मध्येच फोडलेलं आहे. डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ कार्ड घ्या, त्यात एईएस हे मजबूत सांकेतिक कुलूप आहे. तिथेही फसगत होते: पुष्कळ स्वस्त रीडर डेसफायर कार्डाचा फक्त वरचा सिरीयल नंबर वाचतात, आतलं कुलूप वापरतच नाहीत. मग महाग कार्ड घेऊन सुरक्षा जुन्या कार्डाचीच. दुकानदाराला सरळ विचारा: रीडर कार्डातली फाइल सांकेतिक किल्ली लावून वाचतो का, आणि ती किल्ली कुणाच्या ताब्यात राहणार? किल्ली तुमच्याकडे लेखी घ्या, नाहीतर पुढची कार्डं त्याच दुकानातून घ्यावी लागतील.

तुमच्या मशीनचा याहून मोठा धोका वेगळा आहे. ते बाहेर आहे आणि रिले त्याच्याच पोटात. चार स्क्रू काढले की लॉकच्या दोन्ही वायरी हातात येतात. ईएमची एक वायर ओढून तोडली की दार उघडं, कार्डाची गरजच नाही. उपाय: बाहेर फक्त रीडर, कंट्रोलर आणि रिले आत ऑफिसात. मशीन तेच ठेवायचं असेल तर त्याला आत बसणारा सुरक्षित रिले मॉड्यूल मिळतो का बघा. तो मशीनशी सांकेतिक बोलतो, बाहेरच्या वायरी शॉर्ट करून किंवा तोडून दार सुटत नाही.

रीडर ते कंट्रोलर जोडणी साधारणपणे विगँड नावाच्या जुन्या पद्धतीची असते. नंबर नेणाऱ्या दोन तारा, हिरवी डी-शून्य आणि पांढरी डी-एक, शिवाय प्लस, मायनस, एलईडी, बझर. नेहमीच्या २६ बिटांत ८ बिट फॅसिलिटी कोड (जागेचा क्रमांक), १६ बिट कार्ड नंबर, दोन टोकांना एकेक पॅरिटी (चूक पकडणारं बिट). म्हणून कार्ड नंबर ६५,५३५ च्या वर जात नाही. अंतर १५० मीटरपर्यंत. बसवताना हमखास होणाऱ्या चुका: हिरवी-पांढरी उलटी लागली की रीडर बीप करतो पण नंबर भलताच येतो. रीडरला वेगळा अडॅप्टर दिला आणि दोन्हींचा मायनस एकत्र केला नाही, की कधी वाचतो, कधी नाही. लॉकची वायर रीडरच्याच केबलमधून नेली, की दार सुटताना अधूनमधून चुकीचे वाचन. शील्ड (केबलचं धातूचं आवरण) फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करा, दोन्हीकडे नाही.

विगँड एकतर्फी आणि उघडं आहे, वायरीवर बसून नंबर टिपता येतो. नव्याने सगळं टाकत असाल तर ओएसडीपी या नव्या पद्धतीचा रीडर आणि कंट्रोलर घ्या. तो आरएस-४८५ या लांब पल्ल्याच्या जोडणीवर दोन्हीकडून बोलतो, १,२०० मीटरपर्यंत चालतो आणि सिक्युअर चॅनेल चालू केलं तर एईएस-१२८ ने झाकलेला असतो. ते चॅनेल बसवताना चालू करायला सांगा, न सांगितल्यास बंदच राहिलेलं दिसतं.

एका फीवर दोघं येतात त्याला कार्ड बदलून अर्धाच उपाय. खरं कार्डही खिडकीतून हातोहात फिरतं. अँटी-पासबॅक लावला तर आत गेलेलं कार्ड बाहेर पडल्याची नोंद झाल्याशिवाय पुन्हा आत घेत नाही, पण त्यासाठी आतल्या बाजूलाही रीडर लागतो. आतला रीडर फक्त नोंदीसाठी. एक्झिट स्विच आणि ब्रेक ग्लास दोन्ही तसेच राहू द्या.


बारा_व्होल्ट_जालना
वरच्यात एक भर. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो आणि त्याच वेळी आपल्या काळ्या मातीत अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा, भेगाळलेला असतो. सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारा भाग) लावला तरी अर्थ नसेल तर तो झटका कुठे सोडणार? मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत जा, अरेस्टर लॉकच्या सप्लायच्या २३० व्होल्टच्या बाजूला ठेवा. मशीनला लॅन केबल छतावरून येत असेल तर तिलाही वेगळा लावा. जळालेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा लॅनचाच पोर्ट गेलेला असतो.


अभ्यासिका_औसारोड
कार्ड_रीडर दादा, मग कार्ड सोडून सगळ्यांचं बोटच घेतलं तर? ते तर फिरवता येत नाही.


कार्ड_रीडर_नांदेड
तांत्रिकदृष्ट्या होईल. प्रत्येकाची दोन बोटं, दोन वेगळ्या हातांची नोंदवा, प्रत्येक बोट तीनदा. थंडीत कोरडी पडलेली त्वचा, मेंदी, बोटावरची जखम यांनी नाकारणं वाढतं. काचेवर थेट ऊन पडलं की ऑप्टिकल सेन्सर आंधळा होतो, म्हणून वर छोटं छज्जं लावा. काच रोज मऊ कापडाने पुसा.

पण तुमची बरीच मुलं १८ च्या आतली आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. प्रवेश फॉर्मवर बोटाच्या ठशासाठी पालकांची वेगळी सही घ्या, ‘सर्व अटी मान्य’ यात ती गुंडाळू नका. जे नाही म्हणतील त्यांना कार्ड. मूल सोडून गेलं की त्याच आठवड्यात मशीनमधून टेम्प्लेट (ठशाची साठवलेली नोंद) पुसा आणि कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमधूनही, दोन्ही ठिकाणी वेगळं पुसावं लागतं. कार्ड हरवलं तर दुसरा नंबर देता येतो, बोट बदलून देता येत नाही. मी असतो तर डेसफायर कार्ड आणि आत-बाहेर रीडर हाच मार्ग घेतला असता.

मशीन आल्या दिवशी अॅडमिनचा पासवर्ड बदला. अॅडमिन नोंदवलाच नसेल तर पुष्कळ मशीनचा मेनू बाहेर उभा असलेला कुणीही उघडू शकतो आणि स्वतःचं बोट घालू शकतो. तुमच्याकडे आत्ता काय आहे, मेनूचं बटन दाबून बघा.


अभ्यासिका_औसारोड
दाबून बघितलं. मेनू सरळ उघडला, काहीच विचारलं नाही. यादीत आमच्या रजिस्टरला नसलेली नावं आहेत. दोन अॅडमिन नोंदवलेत, पासवर्ड टाकलाय, अनोळखी नोंदी आता एकेक करून काढतोय.


फायर_तपासणी_संभाजीनगर
नोंदी काढण्याआधी पेन ड्राइव्हवर लॉग उतरवून घ्या, कुठलं बोट कधी आलं ते त्यात राहील. आणि नवी वायर टाकायला माणूस येईल तेव्हा दाराला चुंबकी संपर्क, म्हणजे डोअर सेन्सर, लावून घ्या. तो कंट्रोलरच्या सेन्सर इनपुटला जोडला की कार्डाशिवाय दार उघडल्याची आणि दार अर्धवट राहिल्याची दोन वेगळी सूचना मिळते. अर्धवट राहण्याची वेळ ३० सेकंद ठेवा, त्याहून कमी ठेवली तर पाण्याचे जार आत नेतानाही बझर वाजतो आणि मग पोरं तो बंदच करून टाकतात.